खाऱ्या हवेत कुरकुरीत समोसा

घरी केलेला समोसा कढईतून काढल्यावर खुटखुटीत लागतो आणि चटणी वाढून होईपर्यंत मऊ पडतो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात ऐकू येते. मग त्यावर उपाय सुचवले जातात. कुणी म्हणतं, पिठात चिमूटभर सोडा घाला. कुणी कॉर्नफ्लोर घालायला सांगतं, कुणी तेल अगदी कडकडीत तापवायला सांगतं. यातला शेवटचा उपाय तर समोसा बिघडवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे. हे सगळे उपाय मुळाला हात घालत नाहीत. मऊ पडलेल्या समोशाच्या पारीत पाणी असतं, एवढीच खरी गोष्ट. काही पाणी तळताना निघालंच नाही, काही सारणातून आलं आणि काही हवेतून. म्हणून पीठ भिजवण्यापासून समोसा ताटात पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर ‘इथे पाणी कुठून येतंय आणि ते जाणार कुठे?’ हा प्रश्न विचारायचा. तो नीट सोडवला तर सोडा, कॉर्नफ्लोर यांची गरज फारशी उरत नाही.

हा प्रश्न करंजासारख्या गावात जास्त टोकदार होतो. पनवेलच्या पुढे उरण, उरणच्या दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी करंजा, आणि समोर धरमतरच्या खाडीपलीकडे रेवस. इथली हवा वर्षभर ओलसर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात. मीठ बरणीत पाझरतं, तळलेला पापड अर्ध्या तासात वाकतो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी चालवली तर ती फसणारच. पण याच गावाला पाणी काढून टाकण्याची विद्याही चांगली ठाऊक आहे. बोंबलासारखा पाणीदार मासा बांबूंवर टांगून सुकवताना ऊन किती आहे यापेक्षा वारा दोन माशांच्या मधून खेळतोय की नाही, हे जास्त पाहिलं जातं. एकावर एक पडलेले मासे उन्हातही वास मारतात. तळलेल्या समोशांना अगदी हाच नियम लागू आहे.

आता हिशोब मांडू. पाव किलो मैद्याच्या पारीसाठी साधारण ८० ते ९० मिलिलीटर पाणी लागतं, आणि मैद्यात स्वतःचा १२-१३ टक्के ओलावा असतोच. म्हणजे पारीत सगळं मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर पाणी. तेवढ्या पारीला लागणाऱ्या अर्धा किलो बटाट्यात मात्र ४०० ग्रॅम पाणी असतं, कारण बटाट्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग पाणीच असतो. ताज्या वाटाण्याचंही तसंच. गाजर आणि कांद्यात ते प्रमाण नव्वदच्या जवळ जातं, कोबीत नव्वदच्याही पुढे. पारीच्या तिपटीहून जास्त पाणी आपण सारणात भरतो आणि मग दोष पिठाला देतो. समोसा मुळात असा पाणीदार पदार्थ नव्हता, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारातल्या जेवणाचं वर्णन करताना इब्न बतूताने ज्या ‘संबुसक’चा उल्लेख केला आहे, त्यात शिजवून घेतलेलं बारीक मांस, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले होते. इ.स. १५०० च्या सुमारास मांडूच्या सुलतानाच्या दरबारात तयार झालेल्या ‘निमतनामा’ या पाकग्रंथात समोशाच्या अनेक कृती आहेत आणि एकाही कृतीत बटाटा नाही, कारण तो अजून भारतात आलेलाच नव्हता. पोर्तुगिजांनी तो आणला आणि त्याचं नावही मराठीत त्यांच्याच भाषेतून राहिलं. बटाट्याने समोसा स्वस्त केला, पोटभरीचा केला आणि शाकाहारी घरांत नेला. पण कोरड्या सारणासाठी घडलेल्या पदार्थात त्याने पाणीही आणलं, आणि ते आवरण्याची जबाबदारी करणाऱ्यावर आली.

म्हणून सुरुवात सारणापासून करायची, आणि शक्य असेल तर ते आदल्या संध्याकाळी करून फ्रीजमध्ये ठेवायचं. बटाटा जुना घ्या. नव्या बटाट्यात पिठूळपणा कमी असतो आणि तो कुस्करला की चिकट होतो. सोलून, चिरून, पाण्यात बुडवून कुकरला लावलेला बटाटा प्रत्येक कापलेल्या बाजूने पाणी पितो. सालासकट, अख्खा, चाळणीवर वाफवलेला बटाटा सगळ्यात चांगला. शिजला की लगेच सोलून हाताने फोडा, परातीत पसरा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. या वेळात बटाट्यातून जी वाफ वर जाताना दिसते, ती नंतर पारीत शिरली असती. किसणीने किसू नका आणि फार घोटूही नका. वाटाण्याएवढ्या फोडी राहिल्या पाहिजेत, कारण घोटलेल्या बटाट्यातला पिठूळ अंश मोकळा होऊन सारण लगद्यासारखं होतं. वाटाणे वेगळे उकडून फडक्यावर कोरडे करा. गाजर, फरसबी, फ्लॉवर किंवा कोबी घालायचा असेल तर बारीक चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, पिळा आणि मगच कढईत टाका. मीठ भाजीतलं पाणी ओढून घेतंच. ते आपल्या डोळ्यांसमोर बाहेर आलेलं बरं, समोशाच्या पोटात सुटायला नको. फोडणीत जिरं, भरड कुटलेले धणे, बडीशेप, आलं, मिरची घालून भाजी आणि बटाटा झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं परता. झाकणाखाली जमलेलं पाणी पुन्हा सारणातच गळतं. आंबटपणासाठी लिंबू पिळण्याऐवजी आमचूर घाला. कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरा. ओली कोथिंबीर ही बारीकशी चूक वाटते, पण ती सगळं केलेलं काम वाया घालवते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: इतकं कोरडं सारण घशात अडकत नाही का? अडकेल, जर कोरडं करणं म्हणजे करपेपर्यंत परतणं असं कुणी समजलं तर. शिजलेल्या बटाट्याने आपल्या पिठूळ अंशात धरून ठेवलेलं पाणी त्याला मऊपणा देतं आणि ते सहजासहजी बाहेर पडत नाही. त्रास देतं ते सुटं पाणी, म्हणजे हाताला लागणारं, फोडींच्या पृष्ठभागावर चकाकणारं. सारणाची मूठ आवळून सोडली की हात ओला होता कामा नये, पण गोळा मात्र टिकला पाहिजे. दोन चमचे जास्त तेल फोडणीला घातलं तर सारण मऊ राहतं आणि पारीलाही धक्का लागत नाही. चटणीचा ओलावा ताटात असावा.

पारीच्या बाबतीत मराठी घराला कुणाकडे शिकायला जावं लागत नाही. दिवाळीत करंजी करणाऱ्या हाताला मोहन म्हणजे काय हे ठाऊक असतं, आणि समोशाची पारी ही करंजीच्या पारीची थोडी जाड बहीण आहे. पाव किलो मैद्याला चार मोठे चमचे तूप किंवा तेल, अर्धा चमचा ओवा आणि मीठ. मोहन पिठात घालून दोन्ही तळव्यांमध्ये पाच मिनिटं चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. मग मूठ आवळायची. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर मोहन बरोबर आहे. वळलाच नाही तर कमी आहे. न फुटता नुसता दबला तर जास्त झालं, आणि असा समोसा तेलात विरघळू लागतो. मोहनाचं काम साधं आहे. ते मैद्याच्या कणांवर पातळ लेप देतं, त्यामुळे पाणी लागल्यावर पिठात चिवट लांब तंतू तयार होत नाहीत. तंतू आखूड राहिले की पारी चावल्यावर ताणली न जाता तुटते, आणि आपण तिला खुसखुशीत म्हणतो. पाणी चमच्या-चमच्याने घाला आणि पीठ जेमतेम गोळा होईल इतकं घट्ट ठेवा. पोळीसारखं मळून तुकतुकीत करू नका. पावसाळ्यात मैद्याने हवेतून आधीच ओलावा घेतलेला असतो, म्हणून कृतीतल्या आकड्यापेक्षा एक-दोन चमचे पाणी कमी लागतं. आकड्यापेक्षा हातावर विश्वास ठेवावा तो इथे. ओलसर फडक्याखाली अर्धा तास विश्रांती दिली की घट्ट पीठही लाटण्याजोगं होतं.

तांदळाची पिठी मिसळावी का? खाडीकाठच्या या पट्ट्यात ती घराघरांत असते, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी तांदळाच्या जाती याच पट्ट्यात विकसित केल्या आहेत. तांदळात मैद्यासारखा चिवटपणा निर्माण करणारा घटक नसतो, म्हणून दोन चमचे पिठी मैद्यात घातली तर पारी थोडी कडक आणि टिकाऊ होते. त्याहून जास्त घातली तर घडीवर तडे जातात. सोडा मात्र नकोच. त्याने पारी फुगते, सच्छिद्र होते, तेल पिते आणि लवकर मऊ पडते. कणीक वापरायची इच्छा असणाऱ्यांनी अर्धी कणीक, अर्धा मैदा घ्यावा. कणकेतला कोंडा पाणी जास्त धरतो, त्यामुळे पूर्ण कणकेचा समोसा चवीला चांगला असला तरी त्याचा कुरकुरीतपणा तासभरही टिकत नाही. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही.

या प्रमाणात पिठाचे सात गोळे होतात आणि चौदा समोसे. गोळा लांबट लाटायचा, पीठ न लावता, साधारण दोन मिलिमीटर जाडीचा, आणि मधोमध कापायचा. अर्ध्या चकतीची सरळ कड पोळपाटाच्या कडेला समांतर ठेवा. त्या कडेच्या अर्ध्या भागाला ओलं बोट फिरवा, बोटाचा नुसता ओलावा पुरे, थेंब नको. एक टोक उचलून दुसऱ्यावर एक सेंटिमीटर चढवा आणि जोड आतून-बाहेरून चिमटीत धरून दाबा. खालचं टोक, जिथे सुळका होतो, तिथे एकदा जास्त दाबा, कारण बहुतेक समोसे तिथेच उघडतात. हा द्रोण डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात उभा धरून पाऊण भरा. गार सारणच भरायचं. कोमट सारण पारीतलं तूप वितळवतं आणि आतून वाफ सोडतं. वरच्या काठावर, जोडाच्या समोरच्या बाजूला एक छोटी चुणी घातली की समोसा बुडावर बसतो. मग कड बंद करा. भरलेले समोसे एकमेकांना न चिकटवता ताटात मांडून पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा. पारीचा वरचा थर किंचित सुकला की तळताना फोड कमी येतात. पाण्याची वाफ झाली की ते मूळच्या सोळाशेपट जागा मागतं, म्हणून पारीवर राहिलेला पाण्याचा एक थेंबही फोड उठवायला पुरतो आणि सैल जोड उघडायला तर त्याहून कमी लागतं.

आता तळणं, जिथे बहुतेकांचं एकमत असतं आणि ते एकमत चुकीचं असतं. समजूत अशी की तेल चांगलं तापलेलं असलं म्हणजे पदार्थ कुरकुरीत होतो आणि तेल कमी पितो. पुरी आणि भजी यांना हे लागू आहे. समोशाला नाही, कारण त्याची पारी जाड असते, आणि रंग येणं व पारी सुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८० अंशांच्या तेलात तीन-चार मिनिटांत समोसा सोनेरी होतो. तेवढ्या वेळात पारीचा बाहेरचा पापुद्रा सुकतो, आतला थर ओलाच राहतो. ताटात आल्यावर आतलं पाणी बाहेरच्या पापुद्र्यात शिरतं, आणि आपण म्हणतो की समोसा मऊ पडला. तो तळताना पूर्ण सुकलाच नव्हता, आपल्याला रंगाने फसवलं. पारीची आतली बाजू सारणाला टेकलेली असते आणि सारणात पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही. म्हणून बाहेरून आत येणाऱ्या उष्णतेला वेळ द्यावाच लागतो. तेल १३० ते १४० अंशांवर ठेवा. मापक नसेल तर पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाका. ती तळाशी बसून बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आली तर तेल तयार आहे. टाकताक्षणी वर उडाली तर गॅस बंद करून थांबा. एका वेळी पाच-सहाच समोसे सोडा, पहिली दोन मिनिटं झारा लावू नका, आणि मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं तळा. पहिल्या पाच मिनिटांत समोसा पांढुरकाच दिसतो. घाबरून आच वाढवू नका. कानही वापरा. सुरुवातीला तेलाचा आवाज भरगच्च असतो, पाणी कमी होत जातं तसा तो पातळ आणि कोरडा होतो. झाऱ्यावर उचललेला समोसा दुसऱ्या समोशाला लागून टणक वाजला की पारी सुकली.

पण मंद तेलात समोसा तेलकट होणार नाही का, हा आक्षेप सोडून देता येत नाही, कारण तेलकट झालेले समोसे लोकांनी खाल्लेले आहेत. त्याचं कारण समजून घेतलं पाहिजे. पारीतून वाफ बाहेर पडत असते तोवर ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल मुख्यत्वे आत जातं ते समोसा कढईबाहेर आल्यावर. पारीच्या छिद्रांतली वाफ थंड होऊन आकसते, तिथे पोकळी होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून दोन गोष्टी पाळायच्या. एक, समोशाभोवतीचे बुडबुडे तळण कितीही मंद असलं तरी पूर्ण थांबू द्यायचे नाहीत. ते थांबले तर तेल फारच गार झालं आहे, आणि तेलकट समोसे होतात ते अशाच कढईत. दोन, शेवटची दोन मिनिटं आच वाढवायची. रंग तेव्हा येतो, वाफ जोरात निघते आणि तापलेलं तेल पातळ असल्याने लवकर निथळतं. समोसा झाऱ्यावर कढईच्या वरच काही क्षण तिरका धरून झटकायचा. पीठ सैल भिजलं असेल किंवा मोहन जास्त झालं असेल तर मात्र कुठलीही आच समोशाला वाचवू शकत नाही.

पाण्याचा हा हिशोब फक्त जाड पारीच्या पंजाबी धर्तीच्या समोशाला लागू आहे असं कुणाला वाटेल. पट्टी समोसा पाहिला की ती शंका फिटते. इराणी हॉटेलांच्या वळणाच्या कांद्याच्या पट्टी समोशात कच्चा कांदा असतो, म्हणजे पाण्याचा साठाच, आणि त्यात पातळ पोहे मिसळण्याची रीत आहे. पोहे कांद्याचं पाणी पितात आणि पट्टी कोरडी राहते. दोन पातळ पोळ्या मध्ये तेल-पीठ लावून एकत्र लाटायच्या, तव्यावर किंचित शेकून वेगळ्या करायच्या आणि पट्ट्या कापायच्या. ते शेकणंही पाणी कमी करण्यासाठीच. पट्टी इतकी पातळ असते की तिचं पाणी झटकन निघतं, म्हणून तिला १६५-१७० अंशांचं तेल आणि चार-पाच मिनिटं पुरतात. जाड पारीला सावकाश, पातळ पट्टीला भराभर, नियम एकच. ज्यांना मंद तळणाचा वेळ परवडत नाही त्यांनी पट्टी समोसाच करावा. घाईघाईने तळलेल्या पंजाबी समोशापेक्षा तो शतपट चांगला लागतो.

एअर फ्रायर किंवा ओव्हनमध्ये तेल लावून १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं भाजलेला समोसा खारीच्या जवळ जातो. चांगला असतो, फक्त त्याच्याकडून तळलेल्या समोशाची अपेक्षा करू नये. तेलाबद्दल एवढंच, की मंद आचेवर ते कमी जळतं. तरी गाळून, झाकून ठेवलेलं तेलही दोन-तीन वेळांपलीकडे वापरू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खराब झालेल्या तळणीच्या तेलासाठी ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची २५ टक्क्यांची मर्यादा २०१८ पासून घालून दिली आहे. घरात ती मोजता येत नाही, पण तेल काळपट, दाट झालं आणि तळताना फेसाळू लागलं की ते टाकायचं, हे घरात पाळता येतं.

तळून झाल्यावर करंजाच्या हवेशी खरी गाठ पडते. समोसे कागदावर पसरू नका. कागदाला टेकलेल्या बाजूची वाफ अडकते आणि ती बाजू आधी मऊ होते. शिवाय वर्तमानपत्राच्या शाईचा अन्नाशी संबंध येऊ नये असं प्राधिकरणाने वारंवार बजावलं आहे. खाली ताट ठेवून लोखंडी जाळी किंवा मोठी चाळणी घ्या आणि समोसे तिच्यावर बोंबलासारखे सुटे सुटे, मध्ये वारा राहील असे मांडा. पहिली वीस मिनिटं डब्यात घालू नका, झाकू नका. पाहुणे उशिरा येणार असतील तर समोसे सात मिनिटं तळून, पांढुरके असतानाच काढून पूर्ण गार होऊ द्या आणि आयत्या वेळी १७० अंशांच्या तेलात चार-पाच मिनिटं पुन्हा तळा. तोवर दोन तासांहून जास्त वेळ जाणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, कारण दमट उन्हाळ्यात उकडलेला बटाटा लवकर उतरतो. जास्त दिवसांसाठी कच्चे समोसे ताटात सुटे मांडून गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा, आणि तळताना वितळू न देता सरळ मंद तेलात सोडा. वितळवले तर पारीवर दव साचतं. उरलेला समोसा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. तिथे सारणातलं पाणी तापून पारीत शिरतं. ओव्हनमध्ये १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, नाहीतर जाड तव्यावर झाकण न ठेवता, तिन्ही बाजूंवर उलटत शेका. गार होताना तो पुन्हा कडक होतो, म्हणून तव्यावरून काढल्यावर दोन मिनिटं जाळीवर थांबू द्या, मग खा.